ओबो कोणी वाजवला?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एकोणिसाव्या शतकातल्या क्लारा आणि रॉबर्ट शूमन या संगीतकार दांपत्याच्या पियानो कॉन्चेर्टोंच्या (म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनांच्या) नव्या अल्बमचं परीक्षण वाचलं. या संगीताला मराठी वर्तमानपत्रात एवढी जागा मिळाली, याबद्दल आधी आभार. परीक्षण मन लावून लिहिलेलं आहे. पियानोवादकाचा स्पर्श, डाव्या हाताचं वजन, पेडल कुठे आवरतं घेतलं, शिक्षण कुठे झालं, कोणत्या स्पर्धा जिंकल्या, मुखपृष्ठावरचा फोटो कसा आहे, सगळं आलंय. मग शेवटून दुसऱ्या ओळीत ‘ऑर्केस्ट्राची साथ संयत आहे’ असं एक वाक्य येतं आणि परीक्षण संपतं.

ऑर्केस्ट्रा संयत असेलही, त्यावर माझा वाद नाही. पण तासाभराच्या या अल्बममध्ये काही जागा अशा आहेत की तिथे पियानो गप्प असतो किंवा दुसऱ्या कोणाचं तरी ऐकत असतो. त्या दुसऱ्या माणसांपैकी एकाचंही नाव परीक्षणात नाही. परीक्षकांना तरी दोष कसा द्यायचा? अल्बमबरोबरच्या पुस्तिकेतही ती नावं नाहीत. मी शोधली.

मी निवृत्त हिशेबतपासनीस आहे आणि एका हौशी ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिनच्या मागच्या रांगेत वाजवते. त्यामुळे कोणाची रक्कम कोणाच्या खात्यावर जमा झाली, हे पाहायची खोड नोकरीत लागली ती संगीत ऐकतानाही सुटत नाही. रोमँटिक काळातल्या पियानो आणि ऑर्केस्ट्राच्या रचनांचे अल्बम मी तसेच ऐकते. बहुतेक अल्बमांत सगळी जमा पियानोवाल्याच्या खात्यावर दिसते.

रॉबर्ट शूमनच्या ए मायनर (ही एक पाश्चात्य स्वरश्रेणी) कॉन्चेर्टोची सुरुवातच पाहा. ऑर्केस्ट्राचा एक घाव, त्यावर पियानो वरून खाली कोसळत येतो, आणि दोन-चार क्षणांत ते वादळ शमतं. आता मुख्य धून यायची. ती येते ओबोवर, म्हणजे फुंकून वाजवायच्या एका लाकडी वाद्यावर. क्लॅरिनेट, बासून आणि हॉर्न ही दुसरी फुंकवाद्यं त्याच्या खाली बसलेली असतात, पियानो थांबलेला असतो. ओबोने ती धून पूर्ण वाजवली की मग पियानो तीच धून पुन्हा म्हणतो. मुख्य धून पियानो ‘बोलल्यासारखी, साधेपणाने’ मांडतो, असं आपल्या परीक्षकांनी लिहिलंय. खरं आहे. पण त्या क्षणी तो उत्तर देत असतो. प्रश्न आधीच कोणीतरी विचारून झालेला असतो, आणि तो कोणत्या स्वरात विचारला गेला यावर उत्तराचा बराचसा सूर ठरतो.

यात पियानोची एक अडचणही आहे. कळ दाबली की सूर उमटतो आणि त्याच घडीपासून विरायला लागतो. पियानोवादकाला तो मागाहून वाढवता येत नाही. ओबोवादकाला येतो. एकच सूर तो बारीक सुरू करून मध्ये भरू शकतो आणि शेवटी पुन्हा बारीक करू शकतो. श्वास धुनेच्या कोणत्या वळणावर घ्यायचा, हाही त्याचाच निर्णय. तेव्हा पियानोवादकाला काही क्षणांपूर्वी फुगत-उतरत गेलेली ओळ आता विरत जाणाऱ्या सुरांनी म्हणायची असते. चांगला पियानोवादक ओबोची नक्कल करत नाही. ओबोने जिथे श्वास घेतला, तिथे तो हात किंचित सैल सोडतो. हे ऐकायचं तर आधी ओबो ऐकायला हवा. परीक्षण लिहिताना तर हवाच हवा.

हे मी मागच्या रांगेत बसून रचलेलं तत्त्वज्ञान नाही. या कॉन्चेर्टोचा पहिला भाग १८४१ साली ‘फँटसी’ म्हणून स्वतंत्र लिहिला गेला होता. त्या ऑगस्टमध्ये क्लाराने तो लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात तालमीत वाजवून पाहिला. पहिली मुलगी मारी पुढच्याच महिन्यात जन्मली, म्हणजे क्लारा तेव्हा अगदी शेवटच्या दिवसांत होती. तिने रोजनिशीत नोंद केली, तिचा आशय असा की पियानो ऑर्केस्ट्रात इतक्या नाजूकपणे विणला आहे की एकाशिवाय दुसऱ्याची कल्पनाच करता येत नाही. युरोपातल्या पहिल्या फळीच्या पियानोवादिकेने, जिच्यासाठी ती रचना होती तिने, असं लिहिलं. प्रकाशकांनी ती एकट्या भागाची फँटसी घेतली नाही. १८४५ मध्ये रॉबर्टने आणखी दोन भाग जोडले आणि त्याच वर्षी ४ डिसेंबरला ड्रेस्डेनमध्ये क्लाराने पूर्ण कॉन्चेर्टो वाजवला. संचालन फर्डिनांड हिलर यांचं होतं. त्या दिवशी ओबो कोणी वाजवला, हे माझ्याकडच्या एकाही पुस्तकात नाही. १८४५ ची गोष्ट आहे, सोडून देऊ. आजच्या रेकॉर्डिंगला ती सबब चालत नाही.

आणि खुद्द रॉबर्टने १८३९ मध्येच क्लाराला पत्रात कळवलं होतं की करामती वादकांसाठीचा कॉन्चेर्टो आपल्याच्याने लिहून होणार नाही, काहीतरी वेगळं योजावं लागेल. त्या वेगळ्या योजनेचं फळ आपण करामती वादकाच्या मोजपट्टीने मोजतो.

पहिल्या भागाच्या मध्यावर संगीत ए फ्लॅट मेजरमध्ये जातं, चाल संथ होते, आणि पियानो आणि क्लॅरिनेट एकमेकांशी बोलू लागतात. दुसऱ्या भागात चेलोंची ती लांब, उबदार धून आहे. ती सगळ्या चेलोंनी मिळून वाजवायची, तिथे एकाचं नाव घालता येणार नाही हे मला मान्य. शेवटच्या भागाबद्दल मात्र मी जरा अधिकाराने बोलते, कारण तिथे आमची परीक्षा असते. कागदावर ताल तीनचा. पण दुसरी धून अशी रचली आहे की दोन-दोन मात्रांचे गट पडतात आणि कानाला दोन मापांचं मिळून एकच मोठं तीनाचं माप ऐकू येतं. तंतुवाद्यांनी ती हळू, तुटक सुरांत, मध्ये विश्रांत्या सोडत वाजवायची. कंडक्टरचा हात एक सांगतो, कान दुसरं सांगतो, आणि शेजारची बाई कानाचं ऐकायला लागली की संपलं. हे नीट जमलं की ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही, फक्त पाय हलके वाटतात. आपल्या परीक्षकांना या भागात ‘पियानोवादकाची नृत्यमय लय’ आवडली. ती लय त्याच्या हाती कोणी आणून दिली, ते वर लिहिलंच आहे.

आता क्लाराच्या कॉन्चेर्टोकडे येते. खरं तर याच भागामुळे हे पत्र लिहायला बसले. ही रचनाही ए मायनरमध्येच. तिने ती तेराव्या वर्षी लिहायला घेतली. शेवटचा भाग आधी झाला आणि त्याच्या ऑर्केस्ट्रेशनमध्ये रॉबर्टने मदत केली. ९ नोव्हेंबर १८३५ रोजी गेवांडहाउसमध्ये, मेंडेल्सझोनच्या संचालनाखाली, सोळा वर्षांच्या क्लाराने तो स्वतः वाजवला. तीनही भाग न थांबता एकमेकांत शिरतात. मधला भाग ‘रोमान्झ’, तोही ए फ्लॅट मेजरमध्ये. या भागात ऑर्केस्ट्रा नाहीच. पियानो एकटा सुरू होतो, धून पूर्ण म्हणतो, आणि ती परत येते तेव्हा एकच चेलो ती उचलतो. बाकी सगळे हात मांडीवर ठेवून बसलेले. शेवटी टिंपनी (ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे) हलकेच घुमते आणि त्या घुमण्यातून तिसरा भाग उघडतो.

सोळा वर्षांच्या मुलीने पहिल्याच कॉन्चेर्टोत अख्खा ऑर्केस्ट्रा गप्प बसवला आणि एका माणसाला बोलायला लावलं. तोवर कॉन्चेर्टोचा मधला भाग म्हणजे पियानोने गावं आणि तंतुवाद्यांनी खाली गालिचा अंथरावा, अशी पद्धत होती. इथे चेलो गातो आणि पियानो त्याच्याभोवती फिरत राहतो. म्हणजे शेवटची टिंपनी सोडली तर त्या अल्बमच्या दुसऱ्या ट्रॅकवर दोनच कलाकार आहेत. एकाचं नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत आहे. दुसऱ्याचं नाव कुठेच नाही. हा दोन कलाकारांचा ट्रॅक एकाच नावाने छापणं मला तरी हिशेबात बसत नाही. परीक्षणात या भागाला ‘स्वप्नाळू’ एवढा एकच शब्द मिळालाय.

नाव छापण्याची रीतच नाही, असं कोणी म्हणेल. आहे. ब्राह्म्सच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोचा तिसरा भाग चेलोच्या एकल धुनेने सुरू होतो. पियानो बराच वेळ थांबतो, आणि पुढेही ती धून जशीच्या तशी कधी वाजवत नाही, तिच्या आजूबाजूला सूर मांडत राहतो. १९७२ मध्ये एमिल गिलेल्सने ऑयगेन योखुम आणि बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर हा कॉन्चेर्टो रेकॉर्ड केला, तेव्हा चेलोवादक ओट्टोमार बोर्विट्स्की यांचं नाव वेगळं छापलं गेलं. पियानोवादकाचं महत्त्व त्याने रतीभरही कमी झालं नाही. ते रेकॉर्डिंग आजही लोक गिलेल्सचं म्हणूनच ओळखतात, फक्त माझ्यासारख्या काही जणांना बोर्विट्स्कीही ठाऊक असतात. (ब्राह्म्सचा हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजला बुडापेस्टमध्ये, ९ नोव्हेंबर १८८१ रोजी. क्लाराच्या रोमान्झमधल्या चेलोला त्या दिवशी बरोबर शेहेचाळीस वर्षं झाली होती. मुद्दा सिद्ध करायला हा योगायोग काही कामाचा नाही, पण तारीख दिसली की मला राहवत नाही.)

ज्यांना ऑर्केस्ट्रा म्हणजे नुसती पार्श्वभूमी वाटते त्यांनी लिस्टचा पहिला कॉन्चेर्टो ऐकावा. १८५५ मध्ये वायमारला लिस्ट पियानोवर होता आणि संचालन करत होता बेर्लिओझ. पुढे व्हिएन्नाचा समीक्षक हान्सलिक याने त्या रचनेची ‘ट्रँगल कॉन्चेर्टो’ म्हणून टर उडवली, कारण तिच्यात ट्रँगल, म्हणजे काडीने वाजवायची धातूची त्रिकोणी सळई, उघडपणे ऐकू येतो. लिस्टने स्कोअरमध्ये (लिखित स्वरलिपीत) सूचना घातलीय की ट्रँगल धसमुसळेपणाने बडवू नये, नाजूक लयीत आणि स्वच्छ वाजवावा. ऑर्केस्ट्रातल्या सगळ्यात स्वस्त वाद्याच्या वादकाची लिस्टला एवढी काळजी! ग्रीगच्या कॉन्चेर्टोच्या सुरुवातीची पियानोची ती प्रसिद्ध उडी टिंपनीच्या वाढत्या घोषावरून मारलेली आहे. त्याच्या शेवटच्या भागात सगळी धावपळ थांबून बासरीवर जी धून येते, तीच अखेरीस पूर्ण ऑर्केस्ट्रा गर्जून म्हणतो. १८७० मध्ये रोममध्ये लिस्टने ग्रीगसमोर हा कॉन्चेर्टो पाहून वाजवला आणि त्या शेवटच्या गर्जनेतल्या जी शार्पऐवजी (अर्ध्या सुराने चढ्या जीऐवजी) आलेल्या साध्या जी सुरावर तो ओरडून खूश झाला, असं ग्रीगने घरी लिहिलेल्या पत्रात आहे. लिस्ट ज्या सुरावर खूश झाला, तो सूर आहे ऑर्केस्ट्राच्या हातातल्या धुनेत.

शोपँच्या बाबतीत मात्र मी हात वर करते. त्याच्या दोन्ही कॉन्चेर्टोंत आम्ही बहुतेक वेळ लांब सूर धरून बसतो आणि पियानोकडे बघतो. बेर्लिओझलाही तो ऑर्केस्ट्रा थंड वाटला होता. एफ मायनर कॉन्चेर्टोच्या शेवटच्या भागात व्हायोलिनवाल्यांना गजाच्या लाकडी बाजूने तारा ठोकायला मिळतात आणि पुढे हॉर्नची एक खणखणीत हाक येते, तेवढीच काय ती मजा. शोपँच्या अल्बमवर ‘साथ संयत’ लिहिलंत तर मी पत्र पाठवणार नाही. पण शोपँचं माप शूमनला लावू नका.

मुळात भांडण लागतं तेही एकल वादक आणि कंडक्टर या दोघांतच. एप्रिल १९६२ मध्ये न्यूयॉर्कला ब्राह्म्सचा पहिला कॉन्चेर्टो सुरू होण्याआधी लेनर्ड बर्नस्टाइनने श्रोत्यांना सांगितलं की ग्लेन गूल्डची मांडणी मला पटलेली नाही, आणि मग कॉन्चेर्टोत मालक कोण, एकल वादक की कंडक्टर, असा प्रश्न टाकला. लोक हसले. या प्रश्नावर तेव्हापासून रकानेच्या रकाने भरले गेलेत. त्याच संध्याकाळी मागे बसून ती संथ लय श्वास पुरवून पुरवून पेलणाऱ्या हॉर्नवाल्यांना काय वाटलं, हे विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

रेकॉर्डिंगने यात भर घातली. १९०९ मध्ये विल्हेल्म बाकहाउसने ग्रीगचा कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केला तेव्हा तबकड्यांत मावावा म्हणून तो कापून सहा मिनिटांवर आणला होता. कापाकापीत काय जातं ते सांगायला नको. पुढे १९४८ मध्ये लाँग प्ले (जास्त वेळ वाजणारी तबकडी) आली, एका बाजूला शूमन आणि दुसऱ्या बाजूला ग्रीग अशी जोडी ठरून गेली, कारण दोन्ही ए मायनरमध्ये आणि दोन्ही अर्ध्या तासाच्या आसपासचे. सगळं मावू लागलं, तरी मायक्रोफोन पियानोजवळच राहिला. अनेक आधुनिक रेकॉर्डिंगमध्ये पियानो कानाशी असतो आणि ओबो पलीकडच्या खोलीत. सभागृहात तसं ऐकू येत नाही. तिथे ओबो पियानोच्या डोक्यावरून सरळ येतो. परीक्षकांनी हा तोल कसा आहे, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी अल्बम घेणाऱ्याला पियानोवादकाच्या स्पर्धांपेक्षा जास्त उपयोग झाला असता. आता तर छापील पुस्तिकाही बऱ्याच जणांच्या हाती पडत नाही. फोनवर ट्रॅक लावला की पियानोवादक, ऑर्केस्ट्रा, कंडक्टर इतकी नावं सरकत जातात आणि पडदा काळा होतो.

एका आक्षेपाचं उत्तर देऊन ठेवते, कारण तो आमच्याच तालमीत निघाला होता. मोठ्या ऑर्केस्ट्रांत एकेका वाद्याला दोन-दोन मुख्य वादक असतात, रेकॉर्डिंग दोन-तीन दिवस चालतं, तुकडे जोडले जातात, मग नाव कोणाचं घालणार? पण रेकॉर्डिंगच्या कोणत्या सत्राला कोण बसलं होतं, याची नोंद ऑर्केस्ट्राच्या कचेरीत असतेच. त्याशिवाय पगार निघत नाहीत, हे मी माझ्या धंद्याच्या भरवशावर सांगू शकते. दोघांनी वाजवलं असेल तर दोन नावं घाला. एका ओळीत मावतात.

आपल्याकडे माझी मागणी छोटी आहे. परीक्षणाच्या वर आपण चौकटीत पियानोवादक, ऑर्केस्ट्रा, कंडक्टर आणि कंपनी छापता. त्या चौकटीत आणखी एक ओळ वाढवा. शूमन असेल तर ओबो आणि क्लॅरिनेट, क्लाराचा कॉन्चेर्टो असेल तर चेलो, ब्राह्म्सचा दुसरा असेल तर चेलो आणि हॉर्न, ग्रीग असेल तर बासरी आणि हॉर्न. अल्बमवाल्यांनी नाव दिलं असेल तर ते लिहा. दिलं नसेल तर त्या जागी ‘नाव दिलेलं नाही’ असं छापा, म्हणजे पुढचं पत्र मी आपल्याला न लिहिता त्यांना लिहीन.

आपली,
पुरवणीची जुनी वाचक,
सेकंड व्हायोलिन, मागची रांग